वरून टाकलेलं ऑइल

१२ मार्च

चि. ठमीस,

सोबत एक छोटी बाटली आहे. खोकल्याचं औषध समजून चमचाभर घेशील, म्हणून आधीच सांगतो: आपल्या गाडीच्या इंजिनातलं ऑइल आहे. तू त्या प्रयोगशाळेत दिवसभर लोकांच्या बसेसची, क्रेनची काळीकुट्ट ऑइलं तपासत बसतेस. मग मामाच्या गाडीनं काय घोडं मारलंय?

भानगड अशी. आपला मिस्त्री म्हणतो, "मास्तर, आतून टकटक येतेय. इंजिन खोलावं लागेल. गाडी दोन महिने माझ्याकडे सोडा, या मॉडेलचे भाग आता हुडकून आणावे लागतात." मी म्हटलं, टकटक तुझ्या डोक्यात येतेय. तो हसला. तो हसला की मला भीती वाटते, कारण तो एरवी हसत नाही.

कोपऱ्यावरचा ऑइलवाला म्हणतो, छे, खोलायचं काय काम आहे? साधं ऑइल काढा, पूर्ण सिंथेटिक टाका, इंजिन लोण्यासारखं चालेल. आता या दोघांत थापा कोण मारतोय ते तू सांग. तुझं मशीन कुणाची भीड ठेवत नाही म्हणतात.

दोन महिने गाडी सोडणं मला शक्य नाही. मामीच्या विसरण्याबद्दल तुला फोनवर अर्धवट सांगितलं होतं. दिवसभर बरी असते. ऊन उतरलं की पर्स खांद्याला लावते, दाराशी उभी राहते आणि "घरी चला" म्हणते. आपल्याच घरात उभं राहून. समजावलं तर रडते, कडी ओढते. मग मी तिला गाडीत बसवतो आणि चावी फिरवतो. इंजिन लागलं की तिचे खांदे खाली येतात. कालव्याच्या कडेनं पंपहाऊसपर्यंत जायचं आणि वळून परत यायचं. घरासमोर गाडी उभी केली की म्हणते, "आलं बाई घर." रोजचं आहे. शेजाऱ्यांच्या नव्या गाडीतून नेऊन पाहिलं, तिला मेलीला आवाजच नाही. मामीनं चालत्या गाडीचं दार उघडलं. तेव्हापासून तो प्रयोग बंद.

तुला माहीतच आहे, ही गाडी तिची. वीस वर्षं तिनं चालवली आणि मी शेजारी बसून रस्ते चुकवले. आता जागा बदलल्यात.

पत्र कुणाला लिहिताय, असं तिनं आत्ताच विचारलं. ठमीला म्हटलं. म्हणाली, "कार्टीला विचार, वेळेवर गिळते का."

विचारलं.

तुझा मामा


२३ मार्च

प्रिय मामा,

मामीला सांगा, गिळते. वेळेवर नाही, पण गिळते.

बाटली पोचली. झाकणाला चिकटपट्टीचे इतके वेढे होते की आमच्या शिपाईकाकांनी करवत मागवली. ऑइल लावलं मशीनला. आता नीट वाचा, वर्गात मुलांना दटावायचात तसं स्वतःला दटावून वाचा.

इंजिनात जे जे झिजतं त्याचा चुरा ऑइलमध्ये उतरतो. डोळ्यांना दिसत नाही, मशीनला दिसतो. लोखंड आलं तर सिलिंडर झिजतायत. शिसं आणि तांबं आलं तर बेअरिंग झिजतंय, म्हणजे ज्यावर सगळा दांडा फिरतो ती पातळ वाटी. तुमच्या बाटलीत शिसं जास्त आहे. खूप नाही, पण असायला नको इतकं आहे. म्हणजे मिस्त्री थापा मारत नाही. आत्ता खोललं तर वाट्या बदलून भागेल. उशीर झाला तर दांड्यालाच चरे पडतात, आणि मग त्या इंजिनात राम नाही.

मला विचाराल तर गाडी मिस्त्रीकडे द्या. पण तुम्ही मला विचारत नाही आहात, हे मला कळतंय. संध्याकाळचं वाचलं आणि मलाही पुढे रेटवेना. तर मधला मार्ग: पूर्ण सिंथेटिक टाका. ते गरम झाल्यावर साध्या ऑइलइतकं पातळ पडत नाही, झिजलेल्या बेअरिंगला थोडा आधार मिळेल. औषध नाही ते, कुबडी आहे. दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा बाटली पाठवा. शिसं घटलं तर आपण जिंकलो. वाढलं तर एक शब्द न बोलता गाडी गॅरेजला. कबूल?

बाटली भरताना इंजिन गरम हवं. तेल बघायच्या पट्टीच्या भोकातून नळी घालून ओढा. आणि मधल्या काळात वरून ऑइल टाकलं असेल तर किती ते बाटलीवरच्या चिठ्ठीच्या रकान्यात लिहा. हे विसरू नका. ताज्या ऑइलनं जुनं पातळ होतं आणि मशीन फसतं.

मी त्या गाडीवरच शिकले, मामा. मामी शेजारी बसून ओरडायची, "गियर बदल, रडतेय बिचारी!" मला काही ऐकू यायचं नाही, तिला मात्र यायचं.

तुमची ठमी


६ जून

चि. ठमीस,

दुसरी बाटली पाठवतोय. शिपाईकाकांना सांग, यावेळी चिकटपट्टी एकच वेढा.

सिंथेटिक टाकलं. ऑइलवाल्यानं डबा असा पुसून दिला की जणू लग्नात आहेर करतोय. पण मानलं पाहिजे. टकटक बंद! सकाळी थोडी कुरकुर करते, ती मीही करतो. मिस्त्रीच्या गॅरेजवरून मुद्दाम हळू नेली. त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. जळफळाट, दुसरं काय. वरून ऑइल टाकायची वेळच आली नाही, तेव्हा तो रकाना कोराच समज.

आणि आनंदाची बातमी. मामी सुधारतेय. परवा डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. आज वार कोणता? सांगितला. महिना? सांगितला. आपण कुठल्या मजल्यावर आहोत? दुसऱ्या! डॉक्टर खूश, औषध आहे तेच चालू ठेवा म्हणाले. मी तर खुर्चीत दोन इंच वर उठलो.

तुला मामीनं निरोप दिलाय. म्हणते, "लेकी, प्रकृतीला जप. कामाची दगदग करू नकोस. तुझी सारखी आठवण येते."

सुट्टी काढून यायचं म्हणत होतीस. आत्ताच नको, घराला रंग काढायचं मनात आहे. सगळा पसारा होईल.

तुझा मामा


१५ जून

प्रिय मामा,

मी प्रयोगशाळेत ओरडले. खरंच ओरडले, सगळ्यांनी वळून पाहिलं.

शिसं निम्म्यावर आलंय! तांबंही उतरलंय. मी आधीच्या आकड्यांशेजारी हे आकडे ठेवून तीनदा वाचले. मला स्वतःला इतकी आशा नव्हती. कुबडी म्हटलं होतं, ते शब्द मागे घेते. हे ऑइल तुमच्या इंजिनाला मानवलंय. इतकं, की बदलायची घाई करू नका. आहे तेच चालू द्या, ऑगस्टमध्ये पुन्हा बाटली पाठवा. मिस्त्रीला म्हणावं, तूर्तास हात पुसून ठेव.

आणि मामी! वार, महिना, मजला! मला तर आज वार आठवत नव्हता, कॅलेंडरमध्ये बघावा लागला. मामा, इकडे मी एकटी असते, संध्याकाळी खोलीवर येऊन पाव दुधात बुडवून खाते आणि तुमच्या दोघांचा विचार करते. या आठवड्यात पहिल्यांदा तो विचार करताना गिळता आलं.

पण काय हो, मामी इतकी गोड कधीपासून बोलायला लागली? "लेकी"? "प्रकृतीला जप"? आई गेल्यावर तुमच्याकडे आले त्या दिवसापासून मी ठमी आणि कार्टी. औषधानं स्वभावही सुधारतो वाटतं. तो सुधारायला नको होता.

रंग झाला की कळवा.

तुमची ठमी


२० ऑगस्ट

चि. ठमीस,

बाटली पाठवतोय. पत्र आटोपशीर लिहितो, हात जरा दुखतोय.

गाडी छान आहे. मामी छान आहे. हल्ली थट्टा फार करते. मला "ड्रायव्हर" म्हणते. परवा शेजारच्या बाईंना म्हणाली, "आमचा ड्रायव्हर माणूस चांगला आहे, पण रस्ते चुकतो." आम्ही सगळे पोट धरून हसलो.

रंगाचं लांबलंय. तू आत्ता येऊ नकोस.

मामीचे तुला आशीर्वाद. म्हणते, "बेटा, सुखात राहा."

मामा


२९ ऑगस्ट

मामा,

हे पत्र उभ्यानं वाचू नका, बसा.

तिसऱ्या बाटलीत शिसं आणखी उतरलंय. जूनपेक्षाही कमी. यावेळी मी ओरडले नाही. कारण शेजारचा आकडा पाहिला, जो जूनमध्ये आनंदाच्या भरात मी पाहिलाच नव्हता.

ऑइलमध्ये कंपनी थोडं औषध घालते, आम्ल मारायला. गाडी चालते तसं ते खर्च होतं. ते फक्त कमी होत जातं. तुमच्या बाटलीत जूनपासून ऑगस्टपर्यंत ते वाढलंय. पाच महिने पळालेलं ऑइल, आणि जवळजवळ डब्यातून आत्ता काढल्यासारखं. ऑइल कधी तरुण होत नाही, मामा. वरून टाकल्याशिवाय.

किती टाकलंत? मी उलटा हिशेब मांडला. अर्ध्याच्या वर ताजं आहे. तेवढं पातळ होऊनही इतकं शिसं दिसतंय, म्हणजे खरं किती असेल ते काढलं आणि मग बाहेर जाऊन उभी राहिले. मार्चपेक्षा कितीतरी जास्त. जूनमध्येही असंच झालं असणार. आणि मी, पदवीधर गाढव, तुम्हाला लिहिलं की बदलू नका, चालू द्या, मिस्त्रीला हात पुसायला सांगा. जून महिन्यात गाडी उघडली असती तर वाचली असती. तुम्ही रकाना कोरा ठेवलात, पण आकडा माझ्यासमोर होता. मला ते खरं हवं होतं म्हणून मी पुढचं वाचलं नाही.

हे मिळेल त्या क्षणी गाडी बंद करा. एक फेरीही नको. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र.

आता दुसरं. "बेटा, सुखात राहा" हे मामीचं नाही. "लेकी"सुद्धा तिचं नव्हतं. ते तुम्ही टाकलंत, वरून. ड्रायव्हर ही थट्टा नाही. मला खरं सांगा. मामीला मी आठवते का?

ठमी


१० सप्टेंबर

चि. ठमीस,

तुझं पत्र मंगळवारी दुपारी आलं. बसून वाचलं. घडी करून खिशात घातलं. संध्याकाळी मामी पर्स घेऊन दाराशी उभी राहिली.

मी तिला सांगितलं, आज गाडी नको, पायी जाऊ. ती कडी ओढायला लागली. तिचं बोट दारात सापडलं. रक्त आलं तरी ओढतच होती. तू इथे असतीस तर काय केलं असतंस, मला माहीत नाही. मी चावी घेतली. म्हटलं, एकच फेरी.

पंपहाऊसच्या वळणावर आतून खाडकन आवाज आला. एकदाच. मग काही नाही. गाडी जागच्या जागी मेली. मामी म्हणाली, "मी कधीपासून सांगतेय, हिला मिस्त्रीला दाखवा." खरंच सांगत होती गं. एप्रिलपासून. रोज त्या वळणावर मान वाकडी करून ऐकायची आणि म्हणायची, "रडतेय." मला वाटायचं, काहीतरी बडबडते. तुझं मशीन फसलं, मी फसलो, तिचे कान फसले नाहीत. नवऱ्याचं नाव गेलं, वार गेला, महिना गेला, पण ते राहिलं होतं आणि मी ते ऐकलं नाही.

मिस्त्रीनं ओढून नेली. इंजिन खोललं. वाटी दांड्याला चिकटून वितळली होती. त्यानं दांडा माझ्या हातात दिला, बोट फिरवा म्हणाला. बोट फिरवलं तर खरखरीत. हे इंजिन गेलं. दुसरं याच मॉडेलचं कुठे मिळत नाही. तो मला एका शब्दानं बोलला नाही. तुला वाटतं त्यापेक्षा ते वाईट असतं.

किती टाकलं विचारतेस. पहिल्यांदा सहज टाकलं. पट्टीवर कमी दिसलं, ऑइल काळं दिसलं, तुझ्यासारख्या शिकलेल्या पोरीकडे असलं काय पाठवायचं, म्हणून डबाभर ताजं ओतलं आणि मग बाटली भरली. डॉक्टरकडे जाताना माणूस अंघोळ करून जातो, तसं. रकाना भरायला गेलो तर वाटलं, हे लिहिलं तर ठमी म्हणेल, गाडी गॅरेजला द्या. आणि दोन महिन्यांच्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांपुढे आल्या. मग तुझं ते ओरडल्याचं पत्र आलं. इतका आनंद या घरात बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. मीही विश्वास ठेवला. खरंच ठेवला. ऑगस्टमध्ये मात्र जाणूनबुजून केलं. अर्धं काढलं, अर्धं ओतलं.

डॉक्टरांचंही तसंच. जाताना गाडीत मी तिला पढवायचो. वार, महिना, मजला. ती शहाण्या मुलीसारखी घोकायची आणि डॉक्टरांनी विचारलं की धडाधड म्हणून दाखवायची. आयुष्यभर कॉपी करणारी पोरं पकडली मी! गेल्या आठवड्यात डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, मास्तर, आधी कळलं असतं तरी फार फरक पडला नसता. मिस्त्री असं म्हणाला नाही.

गाडी आता फाटकाच्या आत उभी आहे. इंजिन काढल्यानं पुढून हलकी झालीय म्हणून नाक वर करून. संध्याकाळी मामी येऊन बसते. मी स्टिअरिंगवर बसतो. तिचे खांदे वरच राहतात. तीन दिवस ती रडली. चौथ्या दिवशी मला काय सुचलं कोण जाणे, मी तोंडानं आवाज काढला. इंजिनाचा. घर्रर्र करून. हसू नकोस. सत्तरी ओलांडलेला माणूस, तीस वर्षं वर्गात कुणाला चकार शब्द काढू दिला नाही, आणि बंद गाडीत बसून घर्र घर्र करतोय. गियर बदलल्याचासुद्धा काढला. शेजारची बाई फाटकाशी उभी राहिली आणि आत निघून गेली.

मामीनं मान वाकडी करून ऐकलं. मग म्हणाली, "ड्रायव्हर, ही आमची गाडी नाही. मला उतरवा."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मार्चमधला निरोप तिचाच होता, शब्दन्‌शब्द. त्यानंतरचा एकही नाही. मेमध्ये तुझा फोटो दाखवला, तर म्हणाली, छान आहे मुलगी, कुणाची? मी म्हटलं, आपलीच. म्हणाली, "आपल्याला कुठेय मुलगी?" म्हणून तुला येऊ नको म्हणत होतो. घराला रंग वगैरे काही काढला नाही.

मामा


१८ सप्टेंबर

प्रिय मामा,

पत्र मिळाल्याला चार दिवस झाले. रोज लिहायला बसले आणि रोज उठले.

तुमच्यावर रागवावं म्हणून खूप प्रयत्न केला. जमलं नाही. तुम्ही तोंडानं इंजिनाचा आवाज काढताय, हे डोळ्यांपुढून जात नाही. मी इकडे लोकांच्या बाटल्या मशीनला लावते, आकडे लिहिते, सही करते. काल एका क्रेनवाल्याच्या बाटलीत शिसं कमी आलं. मी त्याला फोन करून विचारलं, वरून टाकलं का? तो चिडला. चिडू दे.

मामीला बरं वाटेल असं माझ्याकडे काही नाही. गाडी परत येईल असंही काही नाही. मिस्त्रीला दुसरं इंजिन मिळालं तरी तिचे कान ते घेणार नाहीत, हे तुम्हालाही कळतं. मला तुम्हाला धीर द्यायचा होता, पण खोटा धीर आपण दोघांनी सहा महिने एकमेकांना दिला आणि पाहिलं काय झालं ते.

मी शनिवारी येते. रजा टाकली आहे, परतीचं ठरवलेलं नाही. जेवायला थांबू नका, वाटेत गिळून येईन. संध्याकाळी ती पर्स घेऊन दाराशी उभी राहील तेव्हा तुमच्याशेजारी मी असेन. कडी ओढली तर तिचं बोट मी धरेन. गाडीत बसायचं म्हणाली तर मागच्या सीटवर बसेन. त्यापुढे काय करायचं, मला माहीत नाही.

फक्त एक ऐका, मामा. मी दारात येईपर्यंत तिला माझं नाव पढवू नका.

तुमची ठमी